काळा ओटा, लाल पायरी आणि नागपूरचे काका

डिसेंबरातलं नागपूर म्हणजे सकाळी स्वेटर आणि दुपारी पंखा. गाडीतून उतरले तर काका मफलर गुंडाळून प्लॅटफॉर्मवर हजर. "चहा मागाहून, आधी पोहे," म्हणाले आणि स्कूटर थेट कस्तुरचंद पार्कशी नेली. तर्रीत बुडलेले पोहे. दुसऱ्याच घासाला माझ्या ठाणेकर नाकातून पाणी. काका शांतपणे वरून आणखी तर्री मागून घेत होते.

हे काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. भूगर्भशास्त्रज्ञ, अर्धं आयुष्य रानोमाळ दगड फोडण्यात गेलं, आता निवृत्त. त्यांना विचारायला माझ्याकडे गाडीतूनच एक प्रश्न तयार होता. रात्री समोरच्या बर्थवर कॉलेजची दोन पोरं वाद घालत होती. एक म्हणत होता, अणुबॉम्ब न फुटताही नुसता शेजारी ठेवला तरी माणूस मरतो. मग तो बनवणारे, सांभाळणारे जगतात कसे?

"काऊन नाही जगणार?" काका म्हणाले. "घरी चल, ओट्यावर दाखवतो."

वाटेत झिरो माईलचा खांब आणि ते चार घोडे बघून झाले. सिव्हिल लाइन्समधून जाताना काकांनी अणुखनिजं शोधणाऱ्या केंद्रीय खात्याच्या मध्य विभागाचं कार्यालय लांबूनच दाखवलं. नागपूरकराला संत्र्याचे भाव तोंडपाठ असतात, पण देशाच्या मध्यभागाचं युरेनियम शोधणारी माणसं आपल्याच गावात बसतात हे किती जणांना ठाऊक असेल, कोण जाणे.

घरी मावशीने चहा टाकला आणि काकांनी कपाटातून किरणं मोजणारं मुठीएवढं गायगर काउंटर काढलं. नुसतं टेबलावर ठेवलं तरी ते टिकटिक करत होतं: मिनिटाला बावीस. ही आकाशातून, जमिनीतून, भिंतीतून सतत येणारी रोजची पार्श्वभूमी. मग यंत्र स्वयंपाकाच्या काळ्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर टेकवलं. तेवीस. माझा चेहरा पडला. काका हसले. "बाजारात याला ग्रॅनाइट म्हणतात. आमच्या लेखी हा डोलेराइट, बेसाल्टचा भाऊ. यात युरेनियम नावालाच." मग मला बाहेर दाराशी नेलं. तिथे लालसर, ठिपक्याठिपक्यांच्या दगडाची पायरी. एकोणचाळीस. हा खरा ग्रॅनाइट. याच्या टनामागे तीन-चार ग्रॅम युरेनियम सहज निघतं, शिवाय थोरियम आणि पोटॅशियम. म्हणजे गेली वीस वर्षं मावशी रोज सकाळी रांगोळी काढते ती युरेनियमच्या उंबऱ्यावर. तिने आतूनच ऐकवलं, "रांगोळी पुसू नका म्हणजे झालं."

मग बॉम्बचं युरेनियम येतं कुठून? हिरोशिमाच्या बॉम्बमधलं बहुतेक युरेनियम बेल्जियन काँगोतल्या शिंकोलोब्वे खाणीचं. तिथला खनिजाचा कस ऐकून काकांसारख्या माणसाच्याही तोंडाला पाणी सुटतं: पासष्ट टक्क्यांपर्यंत युरेनियम ऑक्साइड. आपल्या झारखंडातल्या जादुगुड्याला टनभर दगड फोडला की जेमतेम अर्धा किलो. काका तरुणपणी हावडा लाइनने टाटानगरला उतरून तिकडे जात. साठा सापडला 1951 साली, खाण सुरू झाली 1967 मध्ये.

आणि मेख अशी, की खाणीतून निघालेलं नैसर्गिक युरेनियम बॉम्बच्या कामाचं नसतंच. त्यात 99.3 टक्के युरेनियम-238. एक अणू फुटून पुढचे फोडत जाण्याची साखळी पेटवणारं 235 अवघं 0.7 टक्का. दोन्ही रसायनाने एकच, फरक फक्त तीन न्यूट्रॉनच्या वजनाचा. गव्हातून गहूच निवडायचा. त्या निवडीसाठी अमेरिकेने ओक रिजला अख्खं शहर वसवलं. दुसरा रस्ता अणुभट्टीचा: 238 ने न्यूट्रॉन गिळला की काही दिवसांत त्याचं प्लुटोनियम-239 होतं. आपण 1974 साली पोखरणला वापरलं ते हेच. तुर्भ्याच्या सायरस भट्टीत तयार झालेलं. भट्टी कॅनडाच्या मदतीची, तिच्यात न्यूट्रॉनचा वेग कमी करणारं जड पाणी अमेरिकेचं. 'शांततेसाठी' म्हणून दिलेलं. पुढे दोन्ही देश काय चिडले असतील ते चिडले.

आता पोरांच्या वादाचा मुद्दा. काकांनी पाठकोऱ्या कागदावर आकडे मांडले. युरेनियम-238 निम्मं व्हायला साडेचारशे कोटी वर्षं लागतात, प्लुटोनियम-239 ला 24,100 वर्षं, रेडियमला 1,600, सीझियम-137 ला 30. आपण आकडा मोठा दिसला की घाबरतो, अब्जावधी वर्षं किरणं सोडणार म्हणून. हिशेब उलटा आहे. जो चिंगूस आहे त्याचीच पुंजी एवढी टिकते. एक ग्रॅम युरेनियम-238 मध्ये सेकंदाला 12,400 अणू फुटतात. प्लुटोनियममध्ये 230 कोटी. रेडियममध्ये 3,700 कोटी. सीझियममध्ये तीन लाख कोटींच्या वर. मी त्या कागदाचा फोटो काढून ठेवलाय.

म्हणजे युरेनियमचा गोळा हातमोजे घालून उचलता येतो. प्लुटोनियमचा गोळा हाताला कोमट लागतो, स्वतःच्याच किरणांनी तापलेला. त्याची किरणं म्हणजे अल्फा कण; ते कागदाने, कातडीने अडतात. घातक होतं ते त्याची धूळ श्वासातून फुफ्फुसात गेली तर. अमेरिकेच्या लॉस आलामॉस बॉम्ब-प्रयोगशाळेतला शास्त्रज्ञ लुई स्लॉटिन 1946 च्या मे महिन्यात दगावला तो 6.2 किलोच्या गोळ्याजवळ उभा राहिल्याने नव्हे. हातातला स्क्रूड्रायव्हर निसटला, न्यूट्रॉन परतवणारा वरचा अर्धगोल खाली पडला आणि क्षणभर साखळी पेटली. स्फोटानंतर जे सीझियम, स्ट्रॉन्शियम, आयोडीन उरतं, ते खरं तापट. गाडीतल्या पोराचं म्हणणं या राखेला लागू पडतं.

दुपारी काकांनी माळ्यावरून पेट्रोमॅक्सचं जुनं मॅन्टल काढलं. पांढरी जाळीदार पिशवी. आजोबांच्या काळी लग्नात मांडव उजळायची. त्यात थोरियम. यंत्र जवळ नेलं आणि टिकटिकीचा एकच तडतडाट झाला, आकडा सहाशेच्या वर. मी कागद मध्ये धरून पाहिला, काही फरक नाही. "कागद अल्फा अडवतो, पण माझ्या या यंत्राला अल्फा ऐकूच येत नाही," काका म्हणाले. "तू ऐकून राहिली ना, ती त्याच्या लेकरांची आरडाओरड." थोरियम फुटत फुटत जी नवी मूलद्रव्यं होतात, त्यांची बीटा आणि गॅमा किरणं.

युरेनियमचंही तसंच. कारखान्यात धुऊन, गाळून युरेनियम काढून घेतलं की खनिजातली सुमारे 85 टक्के किरणशीलता मागच्या गाळात राहते. रेडियम वगैरे सगळी लेकरं तिथेच. जादुगुड्याचा तो गाळ तलावात साठवतात, आणि त्या तलावांच्या काठची आदिवासी गावं कित्येक वर्षं त्याबद्दल विचारत आली आहेत. इथे काका जरा थांबले. चहा गार झाला होता, तो तसाच प्यायले.

संध्याकाळी सेमिनरी हिल्सवर चक्कर. इथला दगड डेक्कन ट्रॅपचा, म्हणजे थिजलेल्या लाव्हाचा बेसाल्ट, यंत्र वीसच्या वर जाईना. शहराच्या पूर्वेला हा लाव्हा संपतो आणि जुना, फिकट पट्टेदार नाइस खडक लागतो. काकांना उद्या तिकडे जायचं होतं, मला मात्र रात्रीची गाडी होती.

मावशीने संत्र्यांची पिशवी आणि संत्रा बर्फीचे दोन डबे दिले. प्लॅटफॉर्मवर गाडीची वाट बघताना काका खाली वाकले, यंत्र फरशीला लावलं आणि घड्याळ बघत बसले. एक हमाल थबकून बघत राहिला.

"काय मोजून राहिले साहेब, वजन?"

"एकतीस," काका म्हणाले.

"किलो?" त्याने माझ्या बॅगेकडे बघितलं. "मग साठ रुपये होतील."