दगडांमधला चुना

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. त्यात कोकणातले पाच: खांदेरी, रायगड, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग. आनंद आहेच; पण लाटांना यादी वाचता येत नाही. सिंधुदुर्गाच्या तटापाशी होडीतून उतरलं की नजर बुरुजांवर जाते. खरी गंमत मात्र दोन दगडांमधल्या बोटभर दर्जेत आहे.

खारं पाणी दगडात मुरतं, उन्हाने सुकतं आणि आत मिठाचे स्फटिक वाढतात. ते दगडाला आतून रेटतात, पापुद्रे सुटतात. जांभ्याची तर पूडच होते. चुन्याची दर्ज सच्छिद्र, त्यामुळे ओल आणि मीठ तिच्यातून बाहेर पडतं. झिजलीच तर ती उकरून नवी भरता येते, दगड कुठून आणणार? सिमेंट ही ओल कोंडतं. मग ती दगडातून वाट काढते, दगड झिजतो आणि सिमेंटची जाळी तेवढी पुढे आलेली दिसते. ‘मजबूत’ काम फसतं ते असं.

चुन्याला सवड लागते. कळीचा चुना पाण्यात विरवून जितका मुरू द्यावा तितका लोण्यासारखा होतो. त्यात एकास तीन वाळू, तीही नदीची, धुतलेली. समुद्राची घेतली तर मीठ आपणच आत कोंबलं. भरतीचं पाणी पोचतं तिथे सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटांची पूड, हवीच, कारण नुसता चुना हवेवर आवळतो आणि पाण्यात कच्चा राहतो. दर्ज रुंदीच्या दुप्पट खोल उकरायची, दगड भिजवायचे, ठासून भरायचं आणि वर ओलं गोणपाट. ऊन लागलं की तडा गेलाच. भर पावसात तर कामाला हात लावू नये. आणि तटात उगवलेला पिंपळ उपटू नये. त्याचं मूळ दगड घेऊनच बाहेर येतं. बुंधा कापावा, मूळ मारावं, मगच पोकळी भरावी.

चांगल्या हेतूच्या दुरुस्तीने वारसा बिघडतो, हे फक्त आपल्याकडचं नाही. अथेन्सच्या ॲक्रोपोलिसवर प्राचीन कारागिरांनी संगमरवर लोखंडी पट्ट्यांनी जोडला आणि पट्ट्यांभोवती शिसं ओतलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दुरुस्तीत लोखंड शिशाशिवायच बसवलं. ते गंजून फुगलं, संगमरवर फुटला. आता तिथे टायटॅनियम घालतात. सिंधुदुर्गाच्या पायातही शिसं ओतल्याचं सांगतात.

राहिला मुरूडसमोरचा पद्मदुर्ग. तो यादीत नाही आणि वरच्या नियमातही बसत नाही. तिथे तटाचे दगड झिजून खोलगट झालेत आणि आधी झिजायला हवा होता तो चुना दर्जांमध्ये शाबूत उभा आहे. चुना कच्चा असतो म्हणून सिमेंट मागणाऱ्यांनी एकदा तिथे जाऊन यावं. फक्त पावसाळा टाळावा आणि होडीवाल्याला भरती-ओहोटीची वेळ आधी विचारावी.