पद्मिनीचे दिवे, भाग 4: डावा डोळा मारतेय

मागच्या भागात माझ्या प्रीमियर पद्मिनी गाडीच्या हेडलाइटला दोन रिले (स्टिअरिंगजवळच्या दांडीच्या इशाऱ्यावर दिव्यांना थेट बॅटरीचा करंट देणारे स्विच) बसवल्याची फुशारकी मारली होती. ती बरोबर नऊ दिवस टिकली. दहाव्या रात्री ताम्हिणीत डावा दिवा पणतीसारखा तांबडा झाला आणि गाडी डिपरवर (जवळचा झोत) असतानाही अपरचा (लांबचा झोत) निळा इंडिकेटर मंद तेवायला लागला. समोरून ट्रक आला म्हणून दांडी ओढून फ्लॅश मारला, तर डावा पारच विझला! दांडी सोडली की परत तांबडा.

तीन संध्याकाळी यात गेल्या. रिलेंची अदलाबदल केली, बल्ब बदलला, होल्डर बदलला. दांडीतले कॉन्टॅक्ट काळेठिक्कर होते, ते साफ झाले, एवढंच पुण्य पदरात पडलं. अर्थ (करंट बॉडीवाटे बॅटरीकडे परत नेणारी जोडणी) तर पहिल्याच दिवशी मीटरने तपासली होती, जोडणी शाबूत असल्याचा बीप खणखणीत वाजला होता.

शेवटी नाना पेठेत थिंबल (वायरच्या टोकाला बसवायचं धातूचं कडं) घ्यायला गेलो, तेव्हा दुकानात बसलेल्या एका वायरमन काकांना हे रडगाणं ऐकवलं. मान वर न करता ते म्हणाले, "अर्थ दिवा लावून मोजलीस का बंद ठेवून?" मी गप्प.

घरी आलो, डिपर लावला. मीटर व्होल्टवर, एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी डाव्या होल्डरच्या अर्थला. शून्याच्या आसपास हवं होतं, आलं 7.6.

मग सगळं उलगडलं. एच-4 बल्बमध्ये डिपरचं 55 वॉटचं आणि अपरचं 60 वॉटचं, अशी दोन फिलामेंट. अर्थ मात्र सामाईक. ती गेल्यावर डिपरचा करंट अपरच्या फिलामेंटमधून उलटा शिरतो, अपरच्या वायरने उजव्या दिव्यात जातो आणि तिथल्या धडधाकट अर्थने घरी पोचतो. तीन फिलामेंट ओळीत, प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम चार व्होल्ट. निळा इंडिकेटर मी अपर रिलेच्या 87 नंबरच्या पिनवरून (दिव्याकडे करंट जातो ती) घेतलाय, म्हणून त्यालाही तोच प्रसाद. फ्लॅश मारला की दोन्ही फिलामेंटना वरून 12 मिळतात, परतीची वाट उरत नाही. दिवा गुल.

गुन्हेगार होतं मडगार्डमागच्या बोल्टवरचं जुनं थिंबल, जे 'चालतंय की' म्हणून मीच ठेवलं होतं. आत नुसती हिरवी भुकटी. माझ्या मीटरचा बीप 30 ओहमलाही वाजतो. साडेचार अँपिअर खाणाऱ्या दिव्याला तिथे अर्धा ओहमही जड.

आता 2.5 चौरस मिमीची नवी वायर, चमकेपर्यंत घासलेला पत्रा, दातेरी वॉशर, वरून ग्रीस. ड्रॉप, म्हणजे मघाशी 7.6 आलेलं व्होल्टेज, आता 0.08! इंजिन चालू असताना बॅटरीवर 13.8, बल्बवर 13.4. रिलेआधी इथेच 11.9 मिळत होते. व्होल्टेज 10 टक्के पडलं की उजेड जवळपास 30 टक्के पडतो, त्यामुळे 90/100 वॉटचे बल्ब टाकून होल्डर वितळवण्यापेक्षा आधी तारा बघा. तयार हार्नेसही (वायरचा जुडगा) नकोच. मी एक सोलून पाहिला: वरून जाडजूड, आत तारेचे चार केस.

पुढच्या भागात भिंतीवर फोकस सेट करणार होतो. पण लिहितालिहिता आठवलं, उजव्या बाजूचं थिंबलही त्याच वयाचं आहे, आणि पार्किंग लाइटही त्याच बोल्टवर. म्हणजे आधी तेच. दोन्ही अर्थ थेट बॅटरीला न्याव्यात की बॉडीवरच ठेवाव्यात? कुणी करून पाहिलंय का? निळा इंडिकेटर दांडीकडून घ्यायचा बेत मात्र रद्द. 87 वर असला तर अर्थ गेल्याची चुगली तोच करतो.