आमची वाटचाल : न पाहिलेल्या गाडीचे डोळे

हिंगणघाटहून हैदराबादकडे निघालं की राष्ट्रीय महामार्ग ४४ च्या कडेला आमचं टिनाचं शेड लागतं. पाटीवर अजूनही ‘डवरे, वखर, ट्रॉली दुरुस्ती’ एवढंच आहे. आत मात्र लोटस एलान या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्‌स कारच्या उघडझाप करणाऱ्या हेडलाइटचं किट बनतं. ही गाडी आमच्यापैकी कुणीही आजवर डोळ्यांनी पाहिलेली नाही.

सुरुवात दिवाळीत झाली. नागपूरच्या एका वकीलसाहेबांची शेती आमच्या शिवाराला लागून आहे. त्यांचा मुलगा इंग्लंडहून सुटीवर आला तो बॅगेत एलानच्या दिव्याचा गंजका सांगाडा घेऊन. बरोबर रबराच्या तडकलेल्या दोन नळ्या. गाडी तिकडेच, गॅरेजात. त्याला वाटलं, शेतावरचं पंपाचं स्टार्टर आम्हीच दुरुस्त करतो तर हेही करून देऊ.

एलान १९६२ मध्ये बाजारात आली. तिचं नाक इतकं बसकं, की दिव्याचा मध्य जमिनीपासून किमान २४ इंच उंच पाहिजे हा अमेरिकेतला नियम पाळायचा तर दिवा वर उचलण्यावाचून गत्यंतर नव्हतं. त्याआधी १९३६ च्या कॉर्ड ८१० मध्ये असेच लपणारे दिवे होते, पण ते डॅशबोर्डवरच्या दोन हँडलांनी, एकेका दिव्याला एकेक, हाताने फिरवून वर काढायचे. एलानमध्ये हँडलही नाही आणि मोटरही नाही. इंजिन जी हवा ओढतं तिच्याच जोरावर दिवे हलायचे. त्या ओढीने होणारी पोकळी, म्हणजे व्हॅक्यूम, चॅसिसच्या पुढच्या आडव्या पेटीत साठवलेली असायची. पन्नास वर्षांत पेटी आतून गंजते, नळ्या चिरतात, आणि चालत्या गाडीचा एक डोळा मिटायला लागतो. ट्रकच्या व्हॅक्यूम ब्रेकच्या नळ्या बदलून हात काळे केलेल्यांना हा आजार नवा नव्हता.

मी दोन दिवस नळ्यांचं माप शोधत बसलो. बाबा डवऱ्याला पास, म्हणजे त्याचं पातं, ठोकत होते. मान वर न करता म्हणाले, “गयते ते काढून फेक ना लेका. वायपरची मोटर लाव.”

आमचा सगळा धंदा या एका वाक्यावर उभा आहे.

वायपरचं बटण मधेच बंद केलं तरी पातं काचेच्या खालच्या कडेला जाऊनच थांबतं, हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. मोटरच्या आत तांब्याची एक चकती असते, तिला एक खाच. खाच येईपर्यंत करंट चालूच राहतो. आम्हाला एका फेऱ्यात दोन थांबे हवे होते : अर्ध्या फेऱ्यात दिवा वर, उरलेल्या अर्ध्यात खाली. म्हणून त्या चकतीवर बरोबर समोरासमोर दुसरी खाच पाडली. लिहायला एक ओळ लागली, जमायला आठ महिने. खाच मिलिमीटरभर चुकली तरी मोटरचा क्रँक आणि दिवा उचलणारी दांडी एका रेषेत थांबत नाहीत. एका रेषेत थांबली तर दिव्यावर कितीही वारा आला, खड्ड्यात गाडी आपटली, तरी दिवा ढिम्म हलत नाही. नाहीतर झोपाळू म्हाताऱ्यासारखा डुलतो. आमचे पहिले तीन दिवे डुलायचे.

मग अर्थिंगची गंमत. मी मोठ्या हौसेने टायमरचं इलेक्ट्रॉनिक सर्किट बसवून पहिलं किट पाठवलं. तिकडे जोडल्याजोडल्या धूर. जुन्या ब्रिटिश गाड्यांत पुष्कळदा बॅटरीची पॉझिटिव्ह बाजू चॅसिसला असते, हे मला माहीतच नव्हतं. मोटर उलटी फिरली, तिला काही झालं नाही. अर्धा फेरा कुठूनही अर्धाच. सर्किट मात्र कोळसा. त्यातून एलानचं अंग फायबरचं. आपल्या जीपसारखी एक वायर पत्र्याला टेकवली की झालं, असं तिथे चालत नाही, परतीची वायर वेगळी ओढावी लागते. पैसे परत दिले, कान पकडले आणि सर्किट कायमचं काढून टाकलं. आता किटमध्ये फक्त रिले आहेत, जे कुठल्याही गावच्या वायरमनला समजतात. ऑर्डर आली की माझी बायको, जी हिशेब आणि ई-मेल सांभाळते, आधी एकच प्रश्न विचारते : अर्थिंग कुठलं, पॉझिटिव्ह की निगेटिव्ह?

बाबांचा दुसरा आग्रह दिवा मिटू न देण्याचा. रात्रीच्या लायनीवर ओलीत करून त्यांची उमर गेली. अंधारात बांधावर टॉर्च विझला की काय होतं ते त्यांना ठाऊक. “मोटर मेली त मरू दे,” म्हणाले, “दिवा उघडाच राह्यला पाह्यजे.” सुरुवातीच्या एलानमध्ये पोकळी संपली की दिवे खाली जायचे, पुढे कंपनीने ही रचना उलटी केली, पोकळी गेली की दिवे वर. म्हणजे बाबा आणि तिथले इंजिनिअर एकाच जागी पोहोचले, बाबा थोडे उशिरा. आम्ही दिव्याखाली स्प्रिंग दिली आणि दांडीत एक खेचून काढायची पिन. मोटर अडकली तर पिन काढा, स्प्रिंग दिवा वर ढकलते, अवजार लागत नाही. शेडमध्ये त्या पिनेला सगळे ‘शिवळ’च म्हणतात, जुवाच्या शिवळेसारखी ती निघते म्हणून. इंग्रजी माहितीपत्रकात बायकोने दुसरं काहीतरी लिहिलंय.

अमेरिकेच्या नियमांत असे दिवे साधारण ४९ अंश सेल्सिअसपर्यंतच्या उष्णतेत तीन सेकंदांच्या आत उघडले पाहिजेत असं आहे. उष्णतेसाठी आम्हाला प्रयोगशाळा लागली नाही. मे महिन्यात दुपारी टिनाखाली किट ट्रॅक्टरच्या बॅटरीवर लावून ठेवलं. पहिल्या वर्षी ग्रीस पातळ होऊन खाली ठिबकलं, ते बदललं. दिवा मात्र सेकंदाच्या आत उघडत होता. त्याच नियमांतल्या कडाक्याच्या थंडीची परीक्षा मात्र वर्ध्याला होत नाही. त्यासाठी इंग्लंडवाल्याच्या हिवाळ्याची वाट पाहावी लागली.

गाडी नाही म्हणून चाचणीसाठी आम्ही प्लायवूडचं नाक बनवलं, वकीलपुत्राने पाठवलेल्या मापांवरून. गावातली पोरं त्याला ‘बेंडूक’ म्हणतात. तान्ह्या पोळ्याला लाकडी नंद्यांच्या रांगेत तेही उभं करायचा हट्ट झाला होता. मी नाही म्हटलं. बाबांनी परवानगी दिली.

भारतात आम्ही हे किट विकत नाही. कंपनीने दिलेल्या गाडीत असा बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, आणि इथे या गाड्या आहेत तरी किती? सगळा माल बाहेर जातो. त्यात पहिलं पार्सल अडलं ते किटमुळे नव्हे, पेटीमुळे. आंब्याच्या फळ्यांची सुबक पेटी ठोकली होती. परदेशी जाणाऱ्या लाकडावर उष्णतेची प्रक्रिया केल्याचा शिक्का लागतो, हे पेटी परत आल्यावर कळलं. तेव्हापासून पुठ्ठा. पट्ट्या हिंगण्याच्या एमआयडीसीतून लेझरवर कापून आणि झिंक प्लेटिंग करून येतात, बुश आमच्याच लेथवर. महिन्याला तीन-चार किट, त्याहून जास्त होत नाहीत आणि मला करायचीही नाहीत, कारण हंगामात ट्रॉल्या थांबत नसतात.

मोठ्या कंपन्यांनी असे दिवे केव्हाच सोडले. लोटस एस्प्रिट आणि पाचव्या पिढीची अमेरिकन कॉर्व्हेट या असे दिवे असलेल्या शेवटच्या गाड्या, दोन्ही बनायच्या २००४ मध्ये थांबल्या. म्हणजे नवं गिऱ्हाईक जन्माला येणार नाही, जुन्यांच्या गाड्या गंजत राहतील तेवढंच आमचं काम. आता एकाने एस्प्रिटबद्दल विचारलंय. तिच्यात मोटर आधीच आहे, तेव्हा आमची गरज काय ते अजून नीट कळलेलं नाही.

बेंडूक अजून दाराशीच असतं. परवा रात्री लाइन गेली आणि एका ट्रॉलीचा हुक तुटून आला. बाबांनी बेंडकाला बॅटरी जोडली, दोन्ही डोळे उघडले आणि डिझेलच्या वेल्डिंग मशीनवर त्याच उजेडात हुक जोडून दिला.