शॉकवेव्ह घेतली, पण आधी हृदय तपासलं

मधुमेह जुना, बीपीची गोळी चालू, वय छप्पन्न. लिंगाची ताठरता आधी टिकेनाशी झाली, मग येईनाशी. सिल्डेनाफिलने, म्हणजे व्हायग्रातल्या औषधाने, काही काळ निभावलं. पुढे पुढे नुसतं डोकंच दुखायचं.

लिंगावर ध्वनिलहरींचे हलके झटके देतात त्या शॉकवेव्ह उपचाराच्या चौकशीला घोडबंदर रोडवरच्या एका सेंटरमध्ये गेलो. एसी, कॉफी, टाय लावलेला मुलगा. साखर किती, गोळ्या कोणत्या, काही विचारलं नाही. ‘सर, हप्ते करून देऊ’ हे मात्र दोनदा सांगितलं. मशीन फोकस्ड, म्हणजे लहरी आत एका जागी एकवटणारं, की रेडियल, असं मी विचारलं, कारण रेडियलच्या लहरी वरवरच विरतात आणि त्या खऱ्या अर्थाने शॉकवेव्ह नसतातच. उत्तर आलं, ‘सर, जर्मन आहे!’

मग नौपाड्यातल्या युरोलॉजिस्टकडे गेलो. त्यांचा पहिला प्रश्न, ‘जिना चढताना छाती भरून येते का?’ लिंगाच्या रक्तवाहिन्या जेमतेम 1-2 मिलिमीटरच्या, हृदयाच्या 3-4 च्या. मधुमेहात दोन्ही चोंदतात, पण बारीक असते ती आधी. म्हणून ईसीजी, स्ट्रेस टेस्ट, सकाळच्या रक्तातलं टेस्टोस्टेरॉन, तीन महिन्यांची सरासरी साखर. छातीत दुखतं म्हणून जिभेखाली नायट्रेटची गोळी ठेवणाऱ्याने सिल्डेनाफिल घेतली तर बीपी कोसळून जीव जाऊ शकतो, हेही त्यांनीच बजावलं.

सगळ्यात अवघड गेली ती डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाह बघणारी सोनोग्राफी. लिंगातच इंजेक्शन देतात आणि ताठरता आल्यावर रक्ताचा वेग मोजतात. सेकंदाला 25 सेंटिमीटरच्या खाली म्हणजे रक्त कमी येतंय. मी काठावर होतो. चार तासांत ताठरता उतरली नाही तर थेट कॅज्युअल्टीत या, असं सांगून घरी पाठवलं. घड्याळ बघत बसलो, दुसरं काय करणार!

त्यामानाने शॉकवेव्ह किरकोळ. जेल लावायचं, प्रोब टेकवायचा, टकटक सुरू. भूल नाही. मुळाशी थोडं टोचल्यासारखं झालं, तेवढंच. मूतखडा फोडतात त्याच जातीच्या लहरी, जोर मात्र फारच कमी. त्यांनी नव्या बारीक रक्तवाहिन्या फुटाव्यात अशी अपेक्षा. इस्राएलमधल्या डॉक्टरांनी 2010 मध्ये पहिला प्रयोग छापला, तोही वीस रुग्णांवरचा. अमेरिकेतल्या युरोलॉजिस्टांच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांत हा उपचार प्रायोगिकच धरलाय. डॉक्टरांनी हे आधीच सांगितलं होतं. मधुमेहाने नसा गेल्या असतील तर फारशी आशा धरू नका, असंही. विम्याने एक रुपया दिला नाही.

काही महिन्यांनी फरक पडला. जी गोळी चालेनाशी झाली होती ती आता चालते. गोळीशिवाय अजून नाही. ‘एवढे पैसे घालून गोळी सुटली नाहीच की,’ बायको म्हणाली. खरंय. शिवाय त्याच काळात साखरही खाली आली होती आणि मी रोज उपवनच्या तळ्याशी चालायला जात होतो, तेव्हा श्रेय कशाला किती, हे डॉक्टरही सांगू शकले नाहीत. दुसरा कोर्स घ्यायचा नाही, एवढं मात्र आम्ही दोघांनी ठरवलंय.