ड्रॅगनपिट बघायला इटालिकाला जाताय?

आज स्पेनमधल्या सेव्हिल शहराजवळचं इटालिका, म्हणजे एका जुन्या रोमन शहराचे अवशेष. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या मालिकेच्या सातव्या सीझनच्या शेवटच्या भागात (२०१७) सगळे शत्रू समोरासमोर येतात तो ड्रॅगनपिट म्हणजे इथलं रोमन अँफिथिएटर, म्हणजे मधे आखाडा आणि भोवती प्रेक्षकांच्या पायऱ्या असलेलं खुलं क्रीडागार. सम्राट हेड्रियनच्या काळातलं, सुमारे २५,००० प्रेक्षकांचं.

सेव्हिलच्या प्लाझा दे आर्मास स्थानकावरून सान्तिपोन्सेची बस पकडा, इटालिका याच गावात आहे. अंतर जेमतेम ९ किलोमीटर. सोमवारी बंद असतं. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि आखाड्यात सावली जवळपास नाहीच, त्यामुळे सकाळी उघडताच आत शिरा. गावातलं रोमन थिएटर वेगळं आहे, नकाशात नीट बघून घ्या.

मालिकेतली भव्यता मात्र शोधू नका. बराचसा दगड लोकांनी बांधकामासाठी कधीच काढून नेला. आखाड्याच्या मधोमध जो मोठा खड्डा दिसतो, त्यावर पूर्वी लाकडी तक्तपोशी असायची आणि खाली जनावरं ठेवत.

बरेचजण इथे फोटो काढून परत फिरतात. अहो, मागे अख्खं शहर आहे! एका घराच्या फरशीत मोझेकचे पक्षी, दुसऱ्यात सात वारांच्या सात देवता. काही फरश्या लाटेसारख्या वरखाली झाल्यात, कारण खालची चिकणमाती पावसात फुगते, उन्हात आकसते. बांधकामं तडकायलाही हीच माती कारणीभूत.