आर शिकतेय: पेंग्विन, उलटलेली रेषा आणि एक इंटरॅक्शन

मंडळी, आरचा, म्हणजे आकडेवारीसाठी वापरल्या जाणाऱ्या प्रोग्रामिंग भाषेचा, पुढचा अपडेट. या टप्प्यात मी नवीन काही गोळा न करता एकच डेटासेट धरून बसलेय, पामर पेंग्विन्स, आणि एकाच टेबलकडे पुन्हा पुन्हा बघितल्यावर जे दिसायला लागलंय ते दहा ट्यूटोरियल फिरून दिसलं नसतं असं माझं ठाम मत झालंय.

ज्यांनी हा डेटा उघडला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. अंटार्क्टिकातल्या पामर द्वीपसमूहात क्रिस्टन गोरमन आणि सहकाऱ्यांनी २००७ ते २००९ या काळात मोजलेले ३४४ पेंग्विन, तीन जाती, अ‍ॅडेली १५२, जेंटू १२४, चिनस्ट्रॅप ६८, आणि प्रत्येकाची चोचीची लांबी, चोचीची जाडी, फ्लिपरची लांबी, वजन, नर की मादी, बेट कुठलं. (राणीच्या बागेत आपण बघतो ते हम्बोल्ट, ते यात नाहीत.) आधी यासाठी वेगळं पॅकेज टाकावं लागायचं, एप्रिल २०२५ मध्ये आलेल्या ४.५.० व्हर्जनपासून हा डेटा आरच्या आतच मिळतो, फक्त तिथे कॉलमची नावं छोटी केलीत, त्यामुळे जुन्या ट्यूटोरियलमधला कोड तसाच चिकटवला तर कॉलम सापडत नाही असा एरर येतो. तेवढं बघून घ्या.

वजनाची सरासरी काढायला गेलात की पहिलं उत्तर एनए (म्हणजे माहिती उपलब्ध नाही) येतं, कारण दोन पक्ष्यांची मापंच नाहीयेत, आणि आर ती गुपचूप वगळत नाही, तुम्ही स्वतः सांगावं लागतं की वगळ. मला हा स्वभाव फार आवडतो. किती माणसं मोजणीतून गळली हे न कळता निघालेली सरासरी रिसर्चमध्ये काय कामाची? लिंगाच्या कॉलममध्ये तर ११ जागा रिकाम्या आहेत, म्हणजे नर-मादी घेऊन काहीही करायचं तर ३३३ पक्षीच उरतात, आणि रिपोर्टमध्ये हाच आकडा लिहायला हवा, ३४४ नाही.

आता मजा. चोचीची लांबी आणि जाडी यांचं कोरिलेशन (दोन मापं किती एकत्र वाढतात-घटतात ते सांगणारा उणे १ ते १ मधला आकडा) सगळ्या पक्ष्यांवर काढा, उणे ०.२४ च्या आसपास येतं. म्हणजे लांब चोच असेल तर ती बारीक, असं वाटतं. मग तोच प्लॉट जातीप्रमाणे रंग देऊन काढा आणि प्रत्येक जातीची वेगळी रेषा टाका, तिन्ही रेषा वर चढतात! अ‍ॅडेलीत साधारण ०.३९, जेंटूत ०.६४, चिनस्ट्रॅपमध्ये ०.६५. सिम्प्सनचा पॅराडॉक्स (एकत्र डेटात दिसणारी दिशा गट वेगळे केले की उलटते) हे नाव वाचलेलं होतं पण स्क्रीनवर रेषा उलटताना बघणं वेगळंच. कारण शोधायला सरासऱ्या काढल्या, अ‍ॅडेलीची चोच ३९ मिमी लांब आणि १८ मिमी जाड, जेंटूची साडेसत्तेचाळीस लांब पण जाडी फक्त १५, त्यामुळे जेंटूचा अख्खा पुंजका प्लॉटवर उजवीकडे खाली जाऊन बसतो आणि एकत्र रेषेला खाली ओढतो. रेग्रेशनमध्येही, म्हणजे डेटातून रेषा बसवतानाही तेच, जात न घालता स्लोप (रेषेचा चढ) उणे ०.०८५ आणि जात घातली की अधिक ०.२. चिन्हच बदललं.

इथपर्यंत बऱ्याच जणांनी केलं असेल. मला खरी गोष्ट पुढे सापडली आणि तीच सांगायला आज लिहितेय.

अ‍ॅडेली आणि चिनस्ट्रॅप यांच्या वजनात फरक आहे का म्हणून टी टेस्ट (दोन गटांच्या सरासऱ्यांची तुलना करणारी चाचणी) लावली. (आरमध्ये डिफॉल्ट वेल्चची टेस्ट आहे, दोन्ही गटांचा व्हेरियन्स, म्हणजे आकड्यांचा विखुरलेपणा, सारखा असं ती धरून चालत नाही, एका अ‍ॅडेलीचं वजन नसल्याने इथे १५१ विरुद्ध ६८ पक्षी आहेत तर तीच बरी, सॉफ्टवेअरने काढून दिलेल्या आकड्यामागे कुठली टेस्ट आहे हे नेहमी आउटपुटच्या पहिल्या ओळीत वाचत जा.) सरासरी ३७०१ आणि ३७३३ ग्रॅम, पी व्हॅल्यू (खरा फरक नसताना निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता) ०.०५ च्या कितीतरी वर, कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा फरक ज्या मर्यादेत असावा असा अंदाज) शून्याच्या दोन्ही बाजूंना पसरलेला. नेहमीच्या पद्धतीने इथे 'लक्षणीय फरक आढळला नाही' लिहून पुढे गेलं जातं.

पण रेषा उलटलेली बघून झाली होती ना, म्हणून इथेही आधी तुकडे केले, यावेळी लिंगाप्रमाणे. अ‍ॅडेली मादी ३३६९, चिनस्ट्रॅप मादी ३५२७. अ‍ॅडेली नर ४०४३, चिनस्ट्रॅप नर ३९३९. बघा काय होतंय, माद्यांमध्ये चिनस्ट्रॅप दीडशे ग्रॅमने भारी आणि नरांमध्ये उलट अ‍ॅडेली शंभर ग्रॅमने भारी! दोन उलट दिशेचे फरक एकत्र केले की एकमेकांना खाऊन टाकतात आणि टेस्ट म्हणते काही नाही. टेस्टने तिला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर बरोबरच दिलंय, पण पक्ष्यांबद्दलची खरी माहिती त्या प्रश्नात मावतच नव्हती: अ‍ॅडेलीत नर-मादीतली तफावत पावणेसातशे ग्रॅमची आहे, चिनस्ट्रॅपमध्ये चारशेच्या थोडी वर.

हे मॉडेलमध्ये मांडायचं तर एलएममध्ये (आरचं रेग्रेशन करणारं फंक्शन) जात आणि लिंग यांच्यामध्ये अधिकच्या जागी गुणिले टाकायचं, म्हणजे इंटरॅक्शन येतं, एका गोष्टीचा परिणाम दुसरीप्रमाणे बदलतो ते. आउटपुट पहिल्यांदा बघताना घाबरायला होतं पण ते नुसतं बेरजेने वाचता येतं. इंटरसेप्ट (सुरुवातीचा आकडा) ३३६९, म्हणजे अ‍ॅडेली मादी, कारण आर अक्षरांच्या क्रमाने पहिला गट बेस धरतो. चिनस्ट्रॅपचे अधिक १५८. नराचे अधिक ६७५. आणि चिनस्ट्रॅप नरासाठी वेगळी ओळ, उणे २६३, हेच इंटरॅक्शन. चारही जोडा, ३३६९ अधिक १५८ अधिक ६७५ वजा २६३, बरोब्बर ३९३९. कागदावर ही बेरीज जुळली तेव्हा इतका आनंद झाला की काय सांगू, कारण त्यानंतर कोएफिशंटचं, म्हणजे या बेरजेतल्या आकड्यांचं, टेबल मला परकं वाटेनासं झालं. शिकणाऱ्या प्रत्येकाने हे एकदा हाताने करावंच, पी व्हॅल्यूच्या शेजारचे स्टार मोजण्याआधी.

मराठीत प्लॉट काढणाऱ्यांसाठी एक कामाची गोष्ट. अक्षांची नावं देवनागरीत दिली की काही ठिकाणी जोडाक्षरं तुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी भलत्याच जागी जाते. रॅग नावाचं पॅकेज टाका, आरस्टुडिओच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये बॅकएंड एजीजी निवडा आणि मुक्ता किंवा नोटो सॅन्स देवनागरी फॉन्ट द्या, 'चोचीची लांबी' पासून 'चिनस्ट्रॅप' पर्यंत सगळं नीट उमटतं. पीडीएफ हवी असेल तर साधं पीडीएफ डिव्हाइस सोडून कैरो पीडीएफ वापरा.

सध्या बेटांवर आलेय. अ‍ॅडेली तिन्ही बेटांवर आहेत, टॉर्गरसन, बिस्को आणि ड्रीम, आणि तिन्हीकडे सरासरी वजन ३७०० च्या आजूबाजूलाच येतं. हे आता लगेच मान्य करवत नाही, त्यामुळे इथेही नर-मादी वेगळे केले: माद्या तिन्ही बेटांवर ३३४० ते ३४०० च्या दरम्यान, नर ४०५० च्या जवळपास. यावेळी तुकडे करूनही सारखेपणा टिकला, म्हणजे इथे लपलेलं काही निदान लिंगात तरी नाही. वर्ष घालून बघायचं राहिलंय. त्यानंतर आरमध्येच असलेला बर्कली विद्यापीठाच्या १९७३ च्या प्रवेशांचा डेटा घेणार आहे, एकूण बघितलं तर पुरुष ४५ टक्के आणि बायका ३० टक्के घेतल्या गेल्या, आणि ए विभागात मात्र बायका ८२ टक्के, पुरुष ६२. तिथे टी टेस्ट चालणार नाही, लॉजिस्टिक (हो किंवा नाही अशा उत्तरांसाठीचं रेग्रेशन) लागेल, तर ज्यांनी जीएलएम (आरमधलं त्यासाठीचं फंक्शन) वापरलंय त्यांनी ऑड्स रेशो (दोन गटांत एखादी गोष्ट घडण्या-न घडण्याच्या प्रमाणांचं गुणोत्तर) वाचायला कुठून सुरुवात केली ते जरूर लिहा.