पियानोवरचा आंगिक अभिनय

पियानोवादकांचे व्हिडिओ मी कधीकधी आवाज बंद करून बघतो. संगीताच्या दृष्टीने हा शुद्ध अव्यापारेषु व्यापार आहे, पण करमणूक पहिल्या प्रतीची. काळ्या कोटातले गृहस्थ येतात, कमरेतून वाकतात, कोटाच्या मागच्या दोन्ही शेपट्या झटकून बाकावर बसतात. मग बाकाच्या बाजूच्या गोल मुठी फिरवायला लागतात. अर्धा फेरा वर, पाव फेरा खाली. बाक बहुधा जिथे होता तिथेच परत येतो. मग खिशातून रुमाल निघतो. आधी पट्ट्या पुसल्या जातात, मग तळवे, मग कपाळ. रुमाल पियानोच्या पोटात कुठेतरी ठेवला जातो. हात मांडीवर, नजर छताकडे. एक सूर वाजलेला नसतो, पण शेवटच्या रांगेतला माणूससुद्धा खोकला गिळून बसलेला असतो.

पुढे मुख्य प्रयोग. डोळे मिटतात, भुवया चढतात, ओठ पुटपुटतात. डावा हात मोकळा झाला की तो हवेत तरंगत उजव्या हाताला दिशा दाखवतो. आणि शेवटचा झंकार झाला की दोन्ही हात असे काही वर उडतात, की पट्ट्या तापल्या होत्या की काय अशी शंका यावी.

यातल्या बऱ्याचशा हालचालींचा आवाजावर काही परिणाम होत नाही, आणि हे पियानो बनवणाऱ्यांना पहिल्यापासून ठाऊक आहे. पट्टी दाबली की ती साधारण दहा मिलिमीटर खाली जाते. पण तिने ढकललेली हातोडी तारेपाशी पोचायच्या किंचित आधीच सुटी होते आणि उरलेलं अंतर स्वतःच्या वेगाने कापते. तशी ती सुटली नसती तर तारेला चिकटून राहिली असती आणि सूर जागच्या जागी मेला असता. म्हणजे सूर उमटतो त्या क्षणी हातोडी वादकाच्या ताब्यात नसते. त्यानंतर त्याने बोट पट्टीवर कितीही प्रेमाने थरथरवलं तरी तारेला त्याचा पत्ता लागत नाही. व्हायोलिनवाला सूर सुरू झाल्यावरही त्याला वाढवू शकतो, थरथरवू शकतो, रडवू शकतो. पियानोवाल्याच्या हातात फक्त तो कधी थांबवायचा एवढंच उरतं. कॅरममध्ये स्ट्रायकर बोटातून सुटल्यावर सोंगटी भोकात पडावी म्हणून काही लोक मान वाकडी करतात, तसं हे आहे. ते हसण्यासारखं असतं, पण खोटं नसतं.

शिवाय सूर वाजण्याआधीच्या हालचालीला अर्थ असतोच. खांद्यातून वजन आलं तर हातोडीचा वेग वेगळा, नुसत्या बोटातून आलं तर वेगळा. आणि शेवटी हात हवेत गेले तरी उजवा पाय पेडलवर असतो, त्यामुळे तारा वाजतच राहतात. हात नाटक करतात तेव्हा पाय मुकाट्याने नोकरी करत असतो. त्याला टाळ्या मिळाल्याचं ऐकिवात नाही.

या सगळ्याचा मूळपुरुष म्हणून एकोणिसाव्या शतकातला पियानोवादक फ्रान्झ लिस्ट याचं नाव घेतात. पण पियानो आडवा लावून प्रेक्षकांना आपली एक बाजू दाखवायची युक्ती त्याच्या आधीच्या डुसेक या पियानोवादकाची, असं सांगतात. डुसेक दिसायला देखणा होता आणि ही गोष्ट त्याच्यापासून लपून राहिली नव्हती. योगायोग असा की त्या बसण्यामुळे पियानोचं उघडं झाकण आवाज थेट सभागृहात टाकू लागलं. मिरवण्यातून ध्वनिशास्त्राचा फायदा झाल्याचं इतकं चांगलं उदाहरण मला दुसरं माहीत नाही. लिस्टने पुढचं सगळं केलं. तोवर कार्यक्रमात एक गायिका, एक व्हायोलिनवाला, थोडा वाद्यवृंद अशी मिसळ असे. त्याने संपूर्ण संध्याकाळ एकट्याने वाजवायला सुरुवात केली आणि 1840 साली लंडनमध्ये त्या प्रकाराला ‘रिसायटल’ हे नाव मिळालं. बर्लिनमध्ये तर त्याच्या हातमोज्यांवरून आणि रुमालांवरून बायकांच्या झटापटी झाल्याचं वर्णन आहे. तुटलेल्या तारांचे दागिने झाले. एवढं सगळं करून 1847 मध्ये, पस्तिशीतच, त्याने बिदागी घेऊन वाजवणं बंद केलं. म्हणजे एक्झिटचीही त्याला उत्तम जाण होती.

पण मला त्याच्यापेक्षा त्याचा प्रतिस्पर्धी जास्त आवडतो. सिगिसमुंड थालबेर्ग. हा ताठ बसायचा, चेहऱ्यावरची माशी हलायची नाही. सरावाच्या वेळी तो तुर्की चिलीम ओढत बसे आणि त्यातून ही ताठ बैठक कमावली, असं त्याच्याबद्दल सांगितलं जाई. हालचाल नाही, घाम नाही. आणि ऐकू काय येई? दोन्ही अंगठ्यांनी वाटून घेतलेली मधली चाल, आणि तिच्या खाली-वर सुरांची अखंड कारंजी. ऐकणाऱ्याला वाटायचं तीन हात चालले आहेत. लोक म्हणे तिसरा हात शोधायला उभे राहत. 31 मार्च 1837 रोजी पॅरिसमध्ये प्रिन्सेस बेल्जोयोजोच्या घरी दोघांचा सामना झाला आणि कोण हरलं हे कुणी धड सांगितलं नाही. केस उडवणाऱ्याला न हलणारा तोडीस तोड ठरला. मला वाटतं थालबेर्गने ओळखलं होतं की मुद्दाम न हलणं हीसुद्धा भूमिकाच आहे, आणि वठवायला जास्त कठीण.

म्हणूनच ‘मी नाटक करत नाही’ म्हणणाऱ्या वादकांकडे मी जरा संशयाने बघतो. स्व्यातोस्लाव रिख्टर उतारवयात सभागृहात अंधार करायला लावी. एक छोटा दिवा, तोही समोरच्या नोटेशनवर. लोकांनी माझ्याकडे बघू नये, संगीत ऐकावं, हा हेतू. हेतू प्रामाणिक होता यात मला शंका नाही. पण काळोखात एकच दिवा आणि त्याच्या कडेला अर्धवट दिसणारी ती भली मोठी आकृती, यापेक्षा प्रभावी प्रकाशयोजना कुठल्या नेपथ्यकाराला सुचली असती? ग्लेन गूल्डचंही तेच. 1953 मध्ये वडिलांनी घडीच्या खुर्चीचे पाय कापून दिले, ती जमिनीपासून जेमतेम चौदा इंच. ती तो आयुष्यभर जगभर घेऊन फिरला, बैठक झिजून सांगाडा राहिला तरी. नाक पट्ट्यांना टेकेल असा वाकून, वाजवताना मोठ्याने गुणगुणत बसायचा. प्रेक्षक नकोत म्हणून 1964 मध्ये त्याने जाहीर कार्यक्रम सोडले. स्टुडिओत बघायला कुणी नव्हतं, तरी गुणगुणणं सुटलं नाही. बाख या संगीतकाराच्या ‘गोल्डबर्ग’ या रचनेच्या ध्वनिमुद्रणात ते आजही ऐकू येतं. ही एक साक्ष मात्र माझ्या संशयाच्या विरुद्ध जाते, हे मान्य.

व्लादिमिर द पाखमानच्या बाबतीत असा काही पेच नाही. हा पियानोवादक शोपँ या संगीतकाराच्या रचना सुंदर वाजवायचा आणि वाजवतावाजवता प्रेक्षकांशी बोलायचा. कठीण जागा आली की आधी इशारा, पार पडली की स्वतःलाच शाबासकी. बाक बुटका वाटतो म्हणून एकदा त्याने वर जाड पुस्तक ठेवलं, ते जास्त झालं, मग त्यातलं एकच पान फाडून काढलं आणि समाधानाने वाजवायला बसला, अशी कथा आहे. कुणी दुसऱ्याने केलं असतं तर मी उठून गेलो असतो. इथे मात्र ते पान फाडलेलं बघायला मिळालं नाही याची हळहळ वाटते.

बरं, हे बघणं फक्त आमच्यासारख्या हौशी लोकांचं व्यसन आहे असंही नाही. स्वतः पियानोवादक असलेल्या चिया-जुंग त्साय या संशोधिकेने 2013 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या अंतिम फेरीतले तिघे. कुणाला फक्त ध्वनी ऐकवला, कुणाला फक्त मुका व्हिडिओ दाखवला, आणि विजेता ओळखा म्हटलं. मुका व्हिडिओ बघणाऱ्यांनी विजेता जास्त वेळा ओळखला. नवख्यांनीही आणि व्यावसायिक संगीतकारांनीही. हे वाचल्यापासून आवाज बंद करताना मला पूर्वीइतकं चोरट्यासारखं वाटत नाही.

बाईला मात्र या रंगमंचावर हिशेब वेगळा लागतो. लिस्टच्याच काळातली पियानोवादक क्लारा शूमान नोटेशन समोर न ठेवता वाजवू लागली तेव्हा तो आगाऊपणा ठरला. लिस्टचं तेच करणं दैवी स्मरणशक्ती! 2011 मध्ये हॉलिवुड बोलमध्ये युजा वांग या पियानोवादिकेने रखमानिनोव्हचा तिसरा कॉन्चेर्टो (पियानो आणि वाद्यवृंदाची मोठी रचना) वाजवला, आणि चर्चा झाली ती तिच्या आखूड नारिंगी पोशाखाची. त्या रचनेत बोटांवर काय गुदरतं हे ज्याला ठाऊक आहे त्याला पोशाखाकडे बघायला सवड कशी झाली, हे मला कोडंच आहे.

मला खरोखर खटकतो तो एकच प्रकार: हळवी चाल आली की मान मागे टाकून प्रेक्षकांकडे बघत ‘पाहा, मला किती वाटतंय’ असं सांगणारा चेहरा. तो मला माझ्या वाट्याचं काही वाटूच देत नाही. बाकी सगळं चालतं. पियानोवादक आर्थर रुबिनस्टाइन एरवी खांब गिळल्यासारखा सरळ बसे, पण दे फाया या स्पॅनिश संगीतकाराचं अग्निनृत्य वाजवताना एकेक हात पार डोक्याच्या वर नेऊन खाली आदळे. तसं करायची काही गरज नव्हती. तेवढ्या उंचीवरून नेमक्या पट्टीवर पडणं हीच तर गंमत.

आणि पियानोवादक ग्रिगोरी सोकोलोव्ह. तो प्रेक्षकांकडे जवळपास बघतही नाही. शिक्षा झाल्यासारखा चालत येतो, एक कोरडा नमस्कार, वाजवतो, तसाच निघून जातो. कार्यक्रम संपतो तेव्हा लोकांना ठाऊक असतं की आता खरा दुसरा अंक आहे. टाळ्या, तो येतो, एक छोटी रचना, आत. पुन्हा टाळ्या, पुन्हा येतो. असं बहुधा सहा वेळा. घड्याळं बघत, शेवटची गाडी चुकवत लोक उभे असतात. चेहरा मात्र सहाव्या वेळीही असा, की याला कुणीतरी जबरदस्तीने परत पाठवलंय.